विळा

सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि खांडबारा यांच्या दरम्यान चिंचपाडा नावाचे एक लहान स्टेशन आहे. खिडकीतून पाहणाऱ्याच्या स्मरणात राहावे असे तेथे काही नाही. आमचे वडील रेल्वेच्या नोकरीत असल्यामुळे आमच्या बालपणाची काही वर्षे तेथील क्वार्टरमध्ये गेली. तेव्हा हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

गेल्या वर्षी एका महाविद्यालयाने आम्हांला चर्चासत्रासाठी बोलावले. विषय होता, ‘मानवजातीचे भवितव्य आणि साहित्य’. असे विषय आम्हां मराठीच्या अध्यापकांना फार सोयीचे असतात. अणुयुद्ध, तापत चाललेली पृथ्वी, यंत्रांची बुद्धी, आकाशातून येणारा एखादा अशनी, ही सामग्री आता कोणालाही हाताशी असते. तिच्यावर थोडी खिन्नता शिंपडली की निबंध तयार होतो. आम्हीही त्याच तयारीने टेबलाशी बसलो; परंतु दोन पानांनंतर लेखणी अडली. ‘मानवजात’ हा शब्द लिहिला की डोळ्यांसमोर पृथ्वीचा गोल यायला हवा होता. त्याऐवजी चिंचपाड्याच्या शाळेतला आमच्या बाकावरचा सोबती येऊ लागला.

तो मावची समाजातला होता. अंगाने किरकोळ, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात कायम एक पिवळसर छटा. पावसाळा सरून गारठा पडू लागला की त्याचे गुडघे आणि बोटे दुखत, आणि तो आठ-आठ दिवस शाळेत येत नसे. खेळाच्या तासाला तो लिंबाखाली बसून राही. आम्ही पोरांनी त्याचे नाव ‘सुट्टीलाल’ ठेवले होते. ते नाव सर्वप्रथम कोणाला सुचले हे आज सांगणे भाग आहे: आम्हांला. भाषेची आवड आमच्यात अशी लवकर प्रकट झाली होती. नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही. महिन्याभराने त्याच्या धाकट्या भावाकडून कळले की तो वारला. कशाने, हे त्या वेळी त्याच्या घरच्यांनाही कोणी सांगितले नव्हते.

त्या आजाराला सिकलसेल म्हणतात, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. रक्तातल्या तांबड्या पेशी एरव्ही गोल आणि लवचिक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी कमी झाले, गारठा लागला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात; जेथे अडकतात तेथे असह्य वेदना होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच फुटते. डोळ्यांचा पिवळेपणा तो त्यामुळेच. आळस नावाचे दुखणे त्यात कोठेही नाही.

याचे मूळ कारण साहित्याच्या विद्यार्थ्यांना चटकन समजेल असे आहे. हिमोग्लोबिन तयार करण्याची जी संहिता आपल्या पेशींत असते, तिच्यात एका ठिकाणी एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. नकल करताना झालेला हा प्रमाद. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. अशा प्रमादांची छाननी हेच त्या पंडितांचे नित्याचे काम होते. फरक इतकाच, की संपादक एक पाठ स्वीकारतो आणि बाकीचे तळटीपेत घालतो. निसर्गाने येथे दोन्ही पाठ मूळ संहितेतच ठेवले. असे का व्हावे?

उत्तराचा धागा जे. बी. एस. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दिला. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातील थॅलसेमियाचा विचार करताना त्याने सुचवले की, हा दोष एका बाजूनेच मिळालेल्या माणसांचे हिवतापापासून रक्षण होत असावे. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन याने पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून सिकलसेलच्या बाबतीत हेच दाखवून दिले. बदललेली प्रत आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आली तर मूल वाहक होते. त्याला सहसा त्रास होत नाही आणि मारक हिवतापातून ते वाचण्याची शक्यता वाढते. दोघांकडून आली तर मूल आजारी होते. आईबाप दोघेही वाहक असले तर दर अपत्याला आजाराचा धोका चारात एक.

म्हणजे सातपुड्याच्या आणि तापीच्या या हिवतापी मुलखात ज्या कुळांनी शतकानुशतके तग धरला, त्यांच्या रक्षणाची किंमत काही मुलांनी भरली. आमच्या बाकावरच्या मुलाने ती भरली. उत्क्रांती हा शब्द आपण प्रगतीच्या अर्थाने वापरतो. मराठीत त्यातला ‘उत्’ आपल्याला वर चढवतो. प्रत्यक्षात ती वरही चढत नाही आणि पुढेही पाहत नाही. आजचा ताप टळला की तिचा हिशेब पुरा होतो. नववीतला एखादा मुलगा त्या हिशेबात वजावटीच्या रकान्यात जातो, आणि रकान्याला नाव नसते.

आता हिवताप ओसरला, म्हणजे हा पाठ आपोआप गळून जाईल, असे कोणी म्हणेल. त्यासाठी साधे गणित मांडून पाहावे. समजा एखाद्या समाजात या जनुकाच्या शंभर प्रतींपैकी दहा बदललेल्या आहेत, हिवतापाचा लाभ अजिबात उरलेला नाही आणि आजारी मुलांपैकी एकही अपत्य होण्याइतके जगत नाही. असे निष्ठुर गृहीत धरूनही ते प्रमाण दहावरून पाचावर येण्यास दहा पिढ्या, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे लागतात. एकावर येण्यास नव्वद पिढ्या. कारण बहुतेक बदललेल्या प्रती निरोगी वाहकांत सुखरूप असतात. हिवतापाच्या दिवसांत केलेला हा करार हिवताप गेल्यावरही दोन हजार वर्षे वसूल होत राहील. मानवाची उत्क्रांती संपली काय, असा प्रश्न चर्चासत्रांतून विचारला जातो. नंदुरबार जिल्ह्यातल्या कोणत्याही आरोग्यकेंद्रात तो विचारण्याचे कारण पडत नाही.

मग विलोपाचे काय? याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. तिच्याच काठी, वर मध्य प्रदेशात हथनोरा येथे, ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना एका प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. त्याला कोणत्या जातीत घालावे यावर विद्वानांचे एकमत नाही. तो आपल्यासारखा आधुनिक माणूस नव्हता, इतके बहुतेकांना मान्य आहे. नर्मदेचे पाणी प्यायलेली माणसाची एक जात या उपखंडातून नाहीशी झाली आणि नदी वाहत राहिली. युरोपातले निअँडरथल सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी संपले. मात्र त्यांचे संपणेही पुरते संपणे नव्हते. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्यांचा एक-दोन टक्के वारसा अजून आहे. २०२० मध्ये ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी दाखवले की, कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा एक जनुकीय तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे आणि दक्षिण आशियात तो सुमारे निम्म्या लोकांत आढळतो. नामशेष झालेले पूर्वज आपल्या श्वासात असे अधूनमधून बोलतात.

आपली जात सुमारे तीन लाख वर्षांची. सस्तन प्राण्यांच्या जाती सरासरीने दहा लाख वर्षांच्या आसपास टिकतात असे जीवाश्मांवरून सांगतात. या मापाने आपण तरुण आहोत; पण तरुणपणी मरण येत नाही असे म्हणण्याचा अधिकार चिंचपाड्यात वाढलेल्या माणसाला नाही.

मरण कसे येऊ शकते याची एक रंगीत तालीम या तालुक्याने पाहिली आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांवर आढळला. पांढऱ्या पोशाखातली माणसे आली आणि काही दिवसांत लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. आमच्या ओळखीचा एक गृहस्थ आम्हांला म्हणाला होता, “पहाटे कोंबडा आरवला नाही तेव्हा कळलं, गाव मेलं म्हणजे कसं वाटत असेल.” त्या साथीत माणसाला लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही. पण जगभरात या विषाणूची बाधा झालेल्या ज्या माणसांची नोंद आहे, त्यांतली जवळजवळ निम्मी दगावली आहेत. माणसातून माणसात सहज पसरण्याची कला त्याला अवगत नाही, एवढाच आपला आधार. आणि आपल्या एका पिढीत त्याच्या असंख्य पिढ्या होतात. २०२१ मध्ये बर्ड फ्लू नवापुरात पुन्हा येऊन गेला. नवापूरच्या स्टेशनातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते, अर्धा फलाट इकडे आणि अर्धा तिकडे. प्रवाशांना त्याचे कौतुक वाटते. विषाणूला त्या रेषेची खबरही नसावी.

याच हॉल्डेनने १९२७ मध्ये मानवाच्या अंतावर एक कल्पित निबंध लिहिला होता. त्यात माणसे भरती-ओहोटीची शक्ती इतकी वापरतात की, अखेर चंद्र जवळ येऊन फुटतो आणि पृथ्वीवरचे जीवन संपते. मात्र काहींनी त्याआधीच शुक्रावर राहू शकेल अशी नवी मानवजात घडवलेली असते. पुढे १९५७ मध्ये हा मनुष्य भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. त्याचा निबंध आठवला की आम्हांला शुक्रापेक्षा मागे राहिलेल्यांची काळजी वाटते. नवी जात घडवणारे आणि घडवले न गेलेले असे दोन भाग पडण्याची सुरुवात झाली आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवर जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. तो चुकलेले अक्षर दुरुस्त करीत नाही; जन्मानंतर बंद पडणारे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठरली. त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. एकीकडे संपादन, दुसरीकडे कार्ड. विवाहापूर्वी दोघांची कार्डे ताडून पाहावीत असे सांगितले जाते.

चर्चासत्राच्या आधी आम्ही चिंचपाड्याला जाऊन आलो. सोबत्याचा धाकटा भाऊ आता आजोबा व्हायच्या वयाचा आहे. त्याची मुलगी परिचारिका झाली आहे. ती वाहक आहे, आणि तिने निवडलेला मुलगाही वाहक आहे. घरात दोन पक्ष पडले होते. भावाने आम्हांला विचारले, “सर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा.” आम्ही गणित सांगू लागलो. चारात एक, चारात दोन. मुलगी शांतपणे ऐकत होती. हे गणित ती रोज इतरांना सांगते हे आमच्या लक्षात आले तेव्हा आम्ही थांबलो. ती म्हणाली, “पोटात असतानाच तपासता येतं, काका. आम्ही ते करू. मोठ्या बाबांना भोगावं लागलं तसं कोणाला लागू नये. पण मोठे बाबा जन्मलेच नसते तर बरं झालं असतं, असं या घरात कोणी बोललं तर मला ते चालणार नाही.”

निर्मूलन कशाचे करायचे आणि कोणाचे नाही, याचा इतका स्वच्छ विवेक आम्हांला आमच्या वाचनात क्वचितच भेटला आहे.

मराठीला दोन प्रथमपुरुषी अनेकवचने आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द आहे, आणि मानवजातीच्या अंताची बहुतेक चर्चा त्या शब्दात चालते. त्यामुळे कोण आत आणि कोण बाहेर हे कळतच नाही. आम्ही हा सबंध निबंध लेखकाच्या रूढ ‘आम्ही’मध्ये लिहिला आहे. शाळेतही आमचा एक ‘आम्ही’ होता, आणि लिंबाखाली बसलेला मुलगा त्याच्या बाहेर होता. जात नष्ट होण्याआधी ‘आपण’ हा शब्द नष्ट होत असावा, असे आता वाटते.

चर्चासत्रात आम्ही अशनी आणि यंत्रे वगळून एवढेच वाचले. प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थ्याने विचारले, “त्या मुलाचे खरे नाव काय होते?” ते येथे लिहिण्याची परवानगी आम्ही त्याच्या घरच्यांकडे मागितलेली नाही. पण आम्हांला ते आठवते, हे मात्र नोंदवून ठेवतो. पन्नास वर्षांपूर्वी त्याला त्या नावाने एकदाही हाक मारली नव्हती.