मोजायचं कसं?

आमच्या नगर जिल्ह्याला (आता अहिल्यानगर, पण जिभेचं वळण जुनंच आहे) समुद्र नाही. तरी परवा समुद्रकाकडीबद्दल वाचत बसलो होतो. प्राणी मोजण्याच्या गोष्टींचं मला जुनं वेड आहे.

समुद्रकाकडी म्हणजे समुद्राच्या तळाची वाळू गिळत पडून राहणारा एक प्राणी. वाळवला की चीनच्या बाजारात भारी भाव. इतका ओरबाडला, की २००१ साली भारताने त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, थेट वाघाच्या पंक्तीला! पण तो मोजायचा कसा? तळावर दोरी टाकून तिच्या दोन्ही बाजूंना दिसतील तेवढे मोजतात. त्यातले कित्येक दिवसा वाळूत पुरलेले असतात. लांबी मोजावी तर हात लागताच अंग आखडून घेतात. खूण लावावी तर ती गळून पडते. काल पाहिलेला तोच हा, की दुसरा? सांगता येत नाही.

बिबट्याचं तसं नाही. त्याची ओळख त्याच्या अंगावरच छापलेली असते.

आमच्या अकोल्यात (विदर्भातलं अकोला नव्हे, प्रवरेकाठचं अकोले!) विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच वापरलं. शेतवाटांवर, ओढ्याकाठी समोरासमोर दोन कॅमेरे लावायचे. दोन का? तर डाव्या अंगावरचे ठिपके उजव्या अंगावर नसतात. एकाच बाजूचे फोटो मिळाले तर एकाचे दोन व्हायचे. मग किती बिबटे पुन्हापुन्हा आले आणि किती एकदाच, यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. पूर्वी ठशांवरून मोजायचे. त्या पद्धतीने राजस्थानात सरिस्काच्या कागदांवर वाघ होते आणि २००५ साली शोधायला गेले तर एकही नव्हता. असो.

अकोल्याचं उत्तर २०१३ साली छापून आलं. जंगल नाही, ऊस आहे, दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं आहेत, आणि तिथे शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच मोठे बिबटे! शिवाय तरसंही तेवढीच. विष्ठा तपासून आणखी एक गोष्ट कळली. त्यांच्या पोटात जाणाऱ्या मांसात सर्वांत मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा, जवळजवळ ३९ टक्के. माणसांवरचे हल्ले मात्र तेव्हा तिथे क्वचितच होत.

माझे मामा त्याच भागातले. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्या कुत्र्याला इचारायचं होतं, तवाच सांगितलं असतं." तिथले जुने लोक त्याला बिबट्या म्हणत नाहीत, वाघच म्हणतात, आणि त्याच्या नावाने शेंदूर लावलेला वाघोबाही असतो.

हे आकडे नुसते कौतुकाचे नाहीत. गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची. पकडून लांब सोडला की सुटलो, असं आपल्याला वाटतं. शेजारच्या जुन्नरमध्ये तसं करून पाहिलं. २००१ पासून बरेच बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला चारावरून सतरावर गेले. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला २००९ साली विहिरीतून काढलेला 'आजोबा' तर प्रसिद्धच आहे, त्याच्यावर सिनेमाही निघाला. गळ्यात पट्टा बांधून माळशेजला सोडला, तर गडी महिन्याभरात चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात! २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने मेला.

अलीकडे जिल्ह्यात माणसंही दगावली आहेत. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्यांना शंभर चौरस किलोमीटरचा हिशेब मी काय सांगणार? पण म्हणून आकडा नको, असंही नाही. उलट आज तो जास्त हवा, आणि जुना चालणार नाही. अकोल्यातली मोजणी होऊन कित्येक वर्षं लोटली. किती आहेत हेच ठाऊक नसताना किती पकडायचे, हे सभेत हात वर करून ठरवता येत नाही.

मामांनी दुसरं कुत्रं पाळलंय. रात्री त्याला पडवीत बांधत नाहीत, घरात घेतात. मामींची कुरकुर चालू आहे.