समुद्र नसलेल्या मुलखातले आरमार

दुसऱ्या महायुद्धावर आधारलेल्या महाव्यूहाच्या संगणकीय खेळांत, म्हणजे ज्यांत खेळाडूच्या हाती एखादी पलटण न देता कारखाने, खनिजे, रेल्वे, मुत्सद्देगिरी आणि तिन्ही दले यांच्यासकट आख्खे राष्ट्र सोपवले जाते अशा खेळांत, भूदलाचे यश नकाशावर रंगाच्या रूपाने ताबडतोब दिसते, तर हवाई दल आणि आरमार यांचे यश बहुतेक वेळा कोठेच दिसत नाही. स्वीडनमधील पॅराडॉक्स या कंपनीने 6 जून 2016 रोजी बाजारात आणलेला ‘हार्ट्स ऑफ आयर्न 4’ हा या प्रकारातील बहुपरिचित खेळ. त्यात पायदळाने घेतलेला प्रत्येक प्रांत खेळाडूच्या रंगात रंगून जातो. विमानांनी मिळवलेले वर्चस्व मात्र एका टक्केवारीत राहते, आणि सुखरूप बंदराला लागलेल्या मालवाहू जहाजांची तर दखलही घेण्याची गरज पडत नाही, कारण खेळ बुडालेली जहाजे मोजून दाखवतो, न बुडालेली नव्हे. त्यामुळे नवखा खेळाडू सैन्याच्या फळ्या आखण्यात रमतो, विमाने हाती येतील तशी जवळच्या तळावर ढकलतो आणि सगळी जहाजे एकाच ताफ्यात बांधून समुद्रात सोडून देतो.

उमरीसारख्या ठिकाणी वाढलेल्या खेळाडूला ही खोड अधिक चिकटावी, यात नवल नाही. नांदेड जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर मुदखेड आणि धर्माबाद यांच्या दरम्यान वसलेले आहे, आणि सरळ रेषेत मोजल्यास मुंबईचा किनारा व मछलीपट्टणचा किनारा हे दोन्ही तेथून साधारण 500 किलोमीटर पडतात. आरमार म्हटले की कोकणातल्या माणसाला निदान सिंधुदुर्ग आणि आंग्रे आठवतात. मराठवाड्याला तशी काही आठवण असण्याचे कारण नाही. या मुलखाच्या स्मरणातले युद्ध जमिनीवरचे आहे: सरहद्दीवरचे कॅम्प, रझाकारांच्या धाडी, जानेवारी 1948 मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी केलेली उमरी बँकेची लूट, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सोलापूरच्या रस्त्याने आत शिरलेले भारतीय रणगाडे. तरीही विमाने आणि जहाजे बाळगणे एक आणि त्यांचा उपयोग करता येणे दुसरे, हा या खेळातला सर्वांत अवघड धडा ज्या राज्याच्या इतिहासात लख्ख वाचता येतो, ते राज्य म्हणजे उमरी ज्यात होती ते हैदराबाद संस्थानच होय.

हवाई दलाची पहिली अट पल्ला ही असते. पल्ला म्हणजे विमान आपल्या तळावरून उडून, काम करून, परत येऊ शकेल असे अंतर. आणि खेळात त्याचा हिशेब असा मांडलेला आहे की नकाशाचे मोठमोठे हवाई विभाग पाडलेले असतात व तळावरून त्या विभागाचा जितका भाग पल्ल्यात येतो तितकीच मोहिमेची कार्यक्षमता धरली जाते. समजा, दख्खनच्या मध्यावरील एखाद्या तळावर 100 लढाऊ विमाने ठेवून त्यांना बंगालच्या उपसागरावर पहारा करण्यास सांगितले आणि कार्यक्षमता 30 टक्के आली, तर पडद्यावर विमाने शंभरच दिसतात, पण झुंजीत ती तिसांच्याच तोलाची ठरतात. येथे नवखा खेळाडू आणखी विमाने पाठवतो आणि दुसऱ्या अडचणीत सापडतो: तळाची प्रत्येक पातळी 200 विमानांपुरती असते, त्याहून अधिक विमाने कोंबल्यास तळावरील साऱ्याच विमानांचे काम मंदावते. जाणता खेळाडू विमाने वाढवण्याआधी किनाऱ्यालगत नवा तळ बांधतो, आणि कारखान्यांची ती महिनोन्‌महिन्यांची मेहनत विमानांच्या खर्चात धरतो. 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील तळांवरून उडणाऱ्या जर्मन मेसरश्मिट 109 विमानांना लंडनच्या आकाशात जेमतेम दहा-पंधरा मिनिटे झुंजता येत असे, हे ज्याने एकदा ध्यानात घेतले तो विमानांच्या आकड्यावर फारसा भाळत नाही.

त्याच लढाईत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेल येथून स्पिटफायर विमाने उडवणारी 152 क्रमांकाची तुकडी ‘हैदराबाद’ तुकडी म्हणून ओळखली जाई. निजामाच्या देणगीतून ती उभी राहिली होती आणि तिच्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते. त्याआधी पहिल्या महायुद्धात, 1918 मध्ये, 110 क्रमांकाच्या तुकडीची डी-हॅविलँड बाँबफेकी विमानेही निजामाने दिली होती. ऑस्ट्रेलियाच्या आरमारात 1941 साली दाखल झालेल्या एका विनाशिकेचे, म्हणजे मोठ्या जहाजांचे रक्षण करणाऱ्या जलद लढाऊ जहाजाचे, नावच ‘निजाम’ होते. क्रीटमधून सैन्य हलवण्यापासून टोब्रुकला रसद पोचवण्यापर्यंतची कामे तिने केली, आणि 2 सप्टेंबर 1945 रोजी जपानने शरणागती पत्करली तेव्हा ती टोकियोच्या उपसागरात उभी होती. शेवटी शेतसाऱ्यावर उभ्या असलेल्या संस्थानाचे नाव अशा रीतीने इंग्लिश खाडीवरून उडाले आणि महासागर पार करून गेले. पण त्यातले एकही विमान बीदरच्या धावपट्टीचे नव्हते आणि ती विनाशिका ज्या बंदरात नांगर टाकील असे संस्थानाचे बंदरही नव्हते. मित्रराष्ट्राला यंत्रे देऊन टाकण्याची सोय खेळातही आहे, आणि त्यातून मैत्री, प्रतिष्ठा वगैरे मिळतेही. संरक्षण मिळत नाही.

आरमाराची कला याहून संथ आणि म्हणून अधिक कठीण आहे. तिचा गाभा गस्त आणि प्रहार यांच्या वाटणीत आहे. गस्तीचा ताफा म्हणजे हलक्या क्रूझर व विनाशिकांच्या लहान लहान टोळ्या. त्यांचे काम लढणे नसून शत्रू दिसताच माग धरून राहणे हे होय. प्रहाराचा ताफा म्हणजे युद्धनौका आणि विमानवाहू नौका यांचा जड समूह, जो बंदरात थांबून राहतो व गस्तीने शत्रू हेरल्यावरच बाहेर पडतो. हा थांबलेला ताफा फार थोडे इंधन खातो, उलट तोच ताफा समुद्रात अखंड फिरवत ठेवल्यास काही महिन्यांत देशाच्या टाक्या कोरड्या पडतात आणि मग रणगाडेही जागच्या जागी उभे राहतात. मोठ्या जहाजाभोवती लहान जहाजांचे कडे लागते, साधारणतः एकास तीन या प्रमाणात, नाहीतर शत्रूचे पाणतीर थेट मोठ्या जहाजांपर्यंत पोचतात. आणि चारांहून अधिक विमानवाहू नौका एकाच लढाईत घुसवल्यास त्यांच्या विमानांची एकमेकांत अडचण होते. या आकड्यांपेक्षाही बंदरात जहाजे नुसती उभी ठेवण्याचा धीर दुर्मीळ असतो. महागडे जहाज रिकामे बसलेले पाहणे खेळाडूला सोसवत नाही.

एप्रिल 1942 मध्ये हिंदी महासागरात हाच धीर कसाला लागला. 4 एप्रिलला लेनर्ड बर्चल या कॅनडियन वैमानिकाच्या कॅटलिना विमानाने सिलोनच्या आग्नेयेस जपानी ताफा पाहिला, संदेश पाठवला आणि लगेच ते पाडले गेले. खेळात ज्याला हेरगस्त म्हणतात तिची किंमत आणि तिचे मोल दोन्ही या एका उड्डाणात आहेत. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला व कॉर्नवॉल आणि डॉर्सेटशायर या क्रूझर बुडाल्या. 6 एप्रिलला विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे बाँब पडले. 9 एप्रिलला त्रिंकोमालीवरील हल्ल्याबरोबर हर्मिस ही विमानवाहू नौका गेली. आणि त्याच काही दिवसांत बंगालच्या उपसागरात वीसहून अधिक मालवाहू जहाजे बुडवली गेली. ब्रिटिश ताफ्याचे सेनापती सॉमरव्हिल यांनी पाच विमानवाहू नौकांच्या त्या जपानी ताफ्याशी दिवसाउजेडी गाठ पडू दिली नाही आणि पुढे आपली जुनी, संथ जहाजे थेट पूर्व आफ्रिकेतील किलिंडिनीपर्यंत मागे नेली. मद्रासमध्ये पळापळ चालू असताना हा निर्णय भ्याडपणाचा वाटला असेल, परंतु शाबूत राहिलेला ताफा शत्रूच्या हिशेबात धरला जातोच, बुडालेला धरला जात नाही. खेळात अशा वेळी दहांपैकी नऊ जण ताफा पुढे घालतात, तो गमावतात आणि मग आधी साठवून ठेवलेल्या डावाकडे गुपचूप परततात. सॉमरव्हिल यांना ती सोय नव्हती.

रबर आणि इंधन यांचा विषय येथे थोडक्यात पुरे. खेळात लढाऊ विमान घडवण्यास अ‍ॅल्युमिनियम व रबर लागते, रबर मुख्यतः मलाया आणि डच ईस्ट इंडिज येथून जहाजाने येते, आणि ती जहाजे बुडू लागली की परिणाम समुद्रावर न दिसता हजारो किलोमीटर दूरच्या विमान-कारखान्यात दिसतो. आरमाराकडे दुर्लक्ष केलेल्या खेळाडूचे हवाई दल आधी खंगते, ते या वाटेने.

मुळात समुद्रच नसलेल्या राष्ट्राने काय करावे, याचे उत्तर बहुतेक खेळाडू विमानांत शोधतात. वाहतूक विमानांनी वेढलेल्या सैन्याला रसद पुरवण्याची मुभा खेळात आहे, परंतु तिचा पुरवठा रेल्वेच्या मानाने इतका तुटपुंजा असतो की तो काही तुकड्यांना काही आठवडे तगवू शकतो, राज्याला नव्हे. हैदराबादने 1948 मध्ये नेमके हेच करून पाहिले. नोव्हेंबर 1947 च्या जैसे थे करारानंतर भारताशी संबंध बिघडत गेले, चारी बाजूंनी नाकेबंदी आवळली, आणि सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या वेळी लँकास्ट्रियन विमानांनी शस्त्रे आणून बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवू लागला. धाडस म्हणून ते मोठेच होते. पण ती विमाने येताना जाताना ज्या आकाशातून जात ते दुसऱ्याचे होते, आणि त्या आकाशावर हक्क सांगेल असे लढाऊ दल संस्थानाजवळ नव्हते. 13 सप्टेंबरला भारताची हैदराबादविरुद्धची ‘पोलो’ ही लष्करी मोहीम सुरू होताच भारतीय हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी त्या धावपट्ट्या निकामी केल्या आणि कराचीची वाट बंद झाली. जमिनीवर त्याच दिवशी नळदुर्ग पडले व 17 सप्टेंबरला सारे संपले. पोलोच्या वर्णनांत रणगाड्यांना जागा भरपूर मिळते, धावपट्ट्यांना एखाद-दुसरे वाक्य. खेळाच्या अभ्यासकाने मात्र वाचन त्या वाक्यापासून सुरू करावे.

बंदराची उणीव संस्थानाला कळत नव्हती असे नाही. पोर्तुगालकडून गोवा विकत किंवा भाडेपट्ट्याने मिळवून मुरगावचे बंदर हाती घ्यावे, अशी चाचपणी निजामाच्या बाजूने त्या काळात झाली होती, आणि नकाशावर ती कल्पना एखाद्या हुशार खेळाडूच्या चालीसारखी दिसते. मात्र खेळात बंदराला मोल येते ते त्याच्या पाठीशी असलेल्या लोहमार्गाने आणि समोरच्या पाण्यावर ठेवलेल्या पहाऱ्याने; या दोन्हींविना ते केवळ किनाऱ्यावरचे एक चिन्ह असते. मुरगावसमोरचे पाणी राखील अशी एकही नौका संस्थानाजवळ नव्हती, टोकियोच्या उपसागरापर्यंत गेलेल्या ‘निजाम’चा मालक दुसराच होता, आणि गोव्याच्या व संस्थानाच्या मध्ये मुंबई प्रांताचा सलग मुलूख पसरलेला होता. मुरगावला उतरवलेला माल घेऊन निघालेली आगगाडी कॅसलरॉक, लोंढा, हुबळी अशा भारताच्या ताब्यातील स्थानकांवरूनच हैदराबादच्या हद्दीकडे आली असती.