जिंकल्यावर वाकलेला माणूस

मुष्टियुद्धात माझे मन कधी रमले नाही. तरी फ्लॉइड पॅटर्सन या कॅथलिक मुष्टियोद्ध्याकडे ते पुनःपुन्हा वळते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये दारिद्र्यात वाढलेल्या या बुजऱ्या मुलाला वयाच्या दहाव्या वर्षी एसोपस येथील विल्टविक सुधारशाळेत धाडण्यात आले. तेथे त्याला मायेची माणसे भेटली.

१९५२ साली त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, तो हेवीवेट जगज्जेता झाला. १९५९ साली इंगेमार योहान्सनने त्याला एकाच फेरीत सात वेळा पाडले. पुढच्या वर्षी पॅटर्सनने जेतेपद परत जिंकले. आणि त्या जल्लोषातही निपचित पडलेल्या योहान्सनपाशी वाकून त्याचे मस्तक हातांत घेतले.

पुढे एसोपसजवळच्याच न्यू पाल्ट्झ गावी त्याने मुलांना मुष्टियुद्ध शिकवले. त्यांतील ट्रेसी हॅरिसला त्याने दत्तक घेतले. १९९२ साली तोही जगज्जेता झाला. २००६ साली पॅटर्सनने त्याच गावी देह ठेवला.

आपल्या धर्मग्रामाच्या मैदानावर जिंकलेल्या मुलाला आपण खांद्यावर घेतो. हरलेला मुलगा कुंपणाशी एकटा उभा असतो. त्याच्याकडे आधी जावे, हे विजेत्याला शिकवणारा प्रशिक्षक आपल्याला हवा आहे.