लिहून बोला

"लिहून बोला." एवढंच उत्तर माझ्या आईला मिळालं. त्याला आता वर्षं होऊन गेली, तरी ते माझ्या डोक्यातून जात नाही.

नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घशाची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी होती. वॉर्डाबाहेर एक तरुण डॉक्टर संमतिपत्र घेऊन आला. उभ्या उभ्या म्हणाला, "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार. आवाज जाईल, पण जीव वाचेल. इथे सही करा." आईने पेन हातात धरून विचारलं, "मग त्यांनी बोलायचं कसं?" तो म्हणाला, "लिहून बोला." कागद घेतला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

नाना चौथीपर्यंत शिकलेले. सही करतात, आकडे झरझर मांडतात, पण एक सरळ वाक्य लिहायचं तर त्यांना घाम फुटतो. आणि पोट भरलं ते आवाजावर. पंचवटीच्या मार्केट यार्डात एका आडत्याकडे ते पालेभाजीचा लिलाव पुकारायचे. नाशिककरांना हे सांगायला नको. दिंडोरी, पेठ, गिरणारे या बाजूंनी संध्याकाळी गाड्या येतात, कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापातीच्या जुड्यांचे ढीग लागतात, भोवती व्यापारी उभे राहतात आणि शेकड्यावर भाव पुकारला जातो. रात्रीच माल मुंबईला निघतो. गाड्यांचे हॉर्न, हमालांची आरडाओरड, त्यात नानांचा पुकारा शेवटच्या ढिगापर्यंत ऐकू जायचा. माइक नव्हता. लहानपणी मी डबा घेऊन जायची तेव्हा यार्डाच्या फाटकापासूनच त्यांचा आवाज ओळखू यायचा. एका दमात ते पाच-सहा भाव चढवायचे. दम कधी घेतात ते कळायचंसुद्धा नाही.

बिडी होतीच. आवाज घोगरा झाला तेव्हा सगळे म्हणाले, लिलाववाल्याचा घसा बसायचाच. हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला, गल्लीतल्या डॉक्टरांची औषधं झाली. पुढे गिळताना दुखायला लागलं, कानात ठणका येऊ लागला, मग दुर्बीण, मग तुकडा तपासणीला. इथेच सांगून ठेवते. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने घसा तपासून घ्या. बिडी ओढणाऱ्याने तर घ्यावाच.

शस्त्रक्रिया चांगली झाली. ज्यांनी केली त्यांच्या हाताला यश आहे, हे मी कुठेही सांगेन. खर्चही बहुतेक सरकारी योजनेतून निघाला. त्या तरुण डॉक्टरवरही माझा राग नाही. वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकून पेशंट होते, तो किती तास झोपला नसेल कुणास ठाऊक.

घरी आल्यावर कळलं की नुसता आवाज गेलेला नाही. स्वरयंत्र काढलं की श्वासनलिकेचं तोंड गळ्याच्या खालच्या बाजूला, बाहेर वळवून शिवतात. तिथून पुढे आयुष्यभर श्वास त्या भोकातून. नाक-तोंडाचा आणि फुप्फुसांचा संबंध संपला. नानांना बशीतल्या चहावर फुंकर मारता येईना. शिंक, खोकला, सगळं गळ्यातून. वास येईनासा झाला, कारण नाकातून हवाच जात नाही. आयुष्य कोथिंबिरीत काढलेल्या माणसाच्या नाकाशी आई जुडी धरायची आणि ते मान हलवायचे. जड उचलताना आपण नकळत श्वास रोखतो, घशात दार लावतो, तेव्हा अंगात जोर येतो. ते दारच गेलं. पाण्याने भरलेली बादली उचलताना त्यांचे हात थरथरायचे. 2015 च्या सिंहस्थात त्यांनी रामकुंडात डुबकी मारली होती. आता गळ्यापर्यंत पाणी आलं तर ते थेट फुप्फुसात जाईल, म्हणून पुढच्या सिंहस्थात काठावर बसून डोक्यावर तांब्याभर पाणी घेणं, तेही गळा झाकून. हिवाळ्यात नाशिकची कोरडी थंडी गळ्यातून सरळ आत जायची, कफ घट्ट व्हायचा, आई ओल्या मलमलचं फडकं त्यांच्या गळ्यावर बांधायची.

यातलं बरंचसं डिस्चार्जच्या कागदावर होतं. जखमेची निगा, ट्यूब साफ कशी करायची, काय खायचं, रेडिएशनला कधी यायचं. आवाजाबद्दल एक ओळ नव्हती.

मग वह्या सुरू झाल्या. मी सातपूरला कंपनीत हिशेब बघते. घरी यायला सात वाजायचे. तोवर दिवसभराचं त्यांच्या पोटात साठलेलं असायचं. ते लिहायला बसायचे, एक शब्द अडायचा, खोडायचे, वही भिरकावायचे. ओठ हलवून सांगायला जायचे. प, ट, क असे तोंडातल्या तोंडात फुटणारे आवाज तेवढे यायचे, बाकी नुसते ओठ. आई काही भलतंच समजायची. त्यात फोन. गावाकडचे शेतकरी पूर्वीच्या सवयीने त्यांना भाव विचारायचे. नाना फोन उचलून कानाला लावायचे, बोटाने टकटक करायचे. पलीकडून "हॅलो, हॅलो, आवाज येत नाय," आणि फोन बंद. पुढे पुढे ते फोन वाजत असताना नुसते त्याच्याकडे बघत राहायचे. बँकेत मला सोबत जावं लागायचं आणि काउंटरवरचा माणूस त्यांच्यासमोर मला विचारायचा, "यांना ऐकू येतं का?" त्यांना अगदी उत्तम ऐकू यायचं.

असं वर्षाहून जास्त चाललं. आणि एक दिवस तपासणीसाठी दुसऱ्या एका दवाखान्यात रांगेत बसलो होतो. शेजारी मालेगावकडचे एक चाचा होते, गळ्याला नानांसारखंच फडकं. त्यांनी अंगठा फडक्यावर दाबला आणि म्हणाले, "चहा घेणार का?"

जाडसर, थोडा खरखरीत, पण स्पष्ट आवाज. नाना उठून उभे राहिले. त्यांनी चाचांचा हात बाजूला करून त्यांच्या गळ्याकडे पाहिलं, कुठे यंत्र लपवलंय का म्हणून. चाचांनी न रागावता दाखवलं. यंत्र नव्हतं. बोटाच्या पेराएवढी सिलिकॉनची झडप आत बसवलेली होती. बाकी त्यांचा स्वतःचा श्वास.

पुढे मुंबईला जिथे पाठवलं तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला शांतपणे बसवून सांगितलं. इतक्या दिवसांत असं बसवून कुणी सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आवाज गळ्यात असतो ही समजूत अर्धीच खरी. आवाज बनतो तो बाहेर पडणाऱ्या श्वासातून. स्वरयंत्रात स्नायूंच्या दोन घड्या असतात. त्या जवळ येतात, खालून फुप्फुसांची हवा त्यांना ढकलते, त्या उघडतात आणि लगेच मिटतात. पुरुषाच्या आवाजात हे सेकंदाला शंभराच्या वर वेळा होतं, बाईच्या आवाजात दोनशेच्या आसपास. त्यातून नुसता नाद निघतो, त्याची अक्षरं घसा, जीभ, टाळू, ओठ करतात. बोलताना आपण श्वास पटकन आत ओढतो आणि पुरवून पुरवून सोडतो. लिलाव पुकारणाऱ्याला, कीर्तनकाराला, गवयाला हे पुरवणं अंगवळणी पडलेलं असतं. मग त्या नानांना म्हणाल्या, "काका, पेटीचे सूर काढले तरी भाता तुमच्याकडे आहेच. जीभ, ओठ आहेत. कंप पावणारी एक जागा तेवढी पाहिजे. ती आपण अन्ननलिकेत शोधू."

श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीला छोटं छिद्र पाडून ती झडप बसवतात. हवा एकाच दिशेने जाते, अन्न उलटं श्वासनलिकेत येत नाही. गळ्यावरचं भोक अंगठ्याने बंद केलं की बाहेर पडणारा श्वास झडपेतून अन्ननलिकेत शिरतो, तिथली भिंत कंप पावते आणि आवाज निघतो. अमेरिकेत एरिक ब्लोम आणि मार्क सिंगर यांनी ही पद्धत 1980 च्या सुमारास रूढ केली. परदेशी झडपा महाग, आणि काही महिन्यांनी बदलाव्या लागतात. पाणी पिताना ठसका लागायला लागला की ती गळतेय असं समजायचं. बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी सुमारे 50 रुपयांत बनणारी ‘ओम’ नावाची झडप तयार केली आहे. झडप नको असेल तर गळ्याला लावायचं कंप पावणारं यंत्र असतं. हवा गिळून ढेकरेसारखी बाहेर सोडत बोलायलाही शिकता येतं, त्याला तर पैसाही लागत नाही, सराव लागतो.

पैसा लागत नाही. आणि आम्ही वर्षभर वहीवर.

मी नंतर वाचत गेले तशी आणखी पेटले. कर्करोगासाठी स्वरयंत्र पूर्ण काढण्याची पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात 1873 मध्ये केली. त्या पहिल्याच रुग्णासाठी त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी कृत्रिम स्वरयंत्र तयार केलं. भूल देण्याचं शास्त्र नवं, प्रतिजैविकं नाहीत, माणूस वाचेल की नाही याची खात्री नाही, तरी हा बोलणार कसा याचा विचार त्यांनी केला होता. आणि इथे दीडशे वर्षांनी माझ्या आईला दोन शब्द. वर मी लिहिलं की त्या डॉक्टरवर राग नाही. खोटं कशाला बोलू, आहे. त्याला झडप बसवायला कुणी सांगितलं नव्हतं. "उपाय आहेत, चौकशी करा," एवढं म्हणायला "लिहून बोला"पेक्षा कितीसा जास्त वेळ लागला असता?

झडप बसल्यावर नानांचा पहिला प्रयत्न फसला. त्यांनी लिलावाच्या जोराने श्वास सोडला आणि काहीच निघेना. बाई म्हणाल्या, "जोर नको. जोर लावला की घसा आवळतो. हळू, उसासा टाकल्यासारखं." जन्मभर जोरावर पुकारलेल्या माणसाला हळू श्वास सोडायला शिकवणं फार अवघड गेलं. अंगठा नीट बसेना, कडेने हवा फुस्स जायची. मग एकदा "आ" निघाला. मग आकडे म्हणायला सांगितले. एक, दोन, तीन, आणि दम संपला. कित्येक दिवस एका श्वासात तीनच.

तेव्हा मला कुमार गंधर्व आठवायचे. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, देवासला काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं, आणि परतले ते छोट्या छोट्या, टोकदार स्वरवाक्यांची गायकी घेऊन. मी नानांना त्यांची निर्गुणी भजनं मोबाइलवर लावून द्यायची. त्यांना ते गाणं फारसं रुचलं नाही. ते सकाळी गच्चीवर जाऊन आकडेच म्हणत. हळूहळू तिनाचे पाच झाले, पुढे आठ. आज ते भाजीवाल्याशी भावावरून भांडतात, फोनवर नातवाला दटावतात. आवाज त्यांचा नाही, तरी बोलण्याची ढब त्यांचीच आहे. कुठे थांबायचं, कुठे चढवायचं, सगळं यार्डातलं.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती. गिरणाऱ्याची जमीन का विकली, धाकट्या काकांचं कर्ज कुणी फेडलं, हे नानांनी आम्हाला त्या वह्यांमध्ये सांगितलं. मोडक्यातोडक्या अक्षरांत, पानंच्या पानं. तोंडाने त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. आवाज आल्यापासून ते पुन्हा भाजीचे भाव आणि पाऊसपाणी बोलतात. त्या वह्या मी टाकलेल्या नाहीत. कधी कधी वाटतं, वर्षभराचं ते लिहिणं इतकंही वाईट नव्हतं. मग फोनची ती टकटक आठवते आणि वाटतं, नको, मला बोलणारे नानाच पाहिजेत.

तुमच्या घरात कुणाचं स्वरयंत्र काढायचं ठरलं असेल तर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: झडप याच शस्त्रक्रियेत बसवता येईल का, नाही तर केव्हा? वाचा-उपचार करणारं माणूस इथे आहे का, नसेल तर कुठे पाठवाल? आणि असाच बोलायला शिकलेला एखादा जुना पेशंट आधी भेटवाल का? कुणाला तसा माणूस भेटत नसेल, तर नाना मार्केट यार्डाबाहेरच्या चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी असतात. ते अंगठा लावून सगळं सांगतात.