बंदरावरची एकतीस तारीख

रत्नागिरीला समुद्र पाहायला येणारी माणसे सहसा मिरकरवाड्याला जात नाहीत. ती मांडवीला जातात, भाट्याच्या सुरूच्या बनात बसतात, थिबा राजवाडा आणि टिळकांचे जन्मस्थान पाहतात आणि गणपतीपुळ्याच्या वाटेला लागतात. यात त्यांचे काही चुकते असे मला म्हणावयाचे नाही. मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून समुद्र दिसतच नाही मुळी. दिसतात त्या होड्या. एकीला एक खेटून, तीनतीन रांगांनी उभ्या असलेल्या. मधल्या पाण्यावर डिझेलची रंगीत साय. आणि वास! मासे खाणारा घाटावरचा माणूसही तिथे पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावतो. मी लावला. तिसऱ्या दिवशी तो खिशातच राहिला.

नाताळच्या सुट्टीत आठ दिवस काही म्हणजे काही करावयाचे नाही, असा निश्चय करून मी २०२४ च्या डिसेंबरात तिथे गेलो होतो. आणि काही न करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे काम पाहत बसण्यासारखे सुख नाही. कुणी विहीर खणत असो, घर शाकारत असो. मी रस्त्यात उभा राहणारच. राजिवड्याला, जिथे काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, तिथेही एक सकाळ घालवली. पण खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली. होड्या भरतीची वाट पाहत बसलेल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही. मिरकरवाड्याला लाटा अडवणारा बांध आहे. तिथली ये-जा पहाटेपासून रात्रीपर्यंत संपत नाही.

भगवतीच्या किल्ल्यावरून हेच बंदर खेळण्यासारखे दिसते. वर आलेले लोक "किती सुंदर!" म्हणतात, फोटो काढतात. खाली उतरले की त्याच खेळण्यातून पंचवीस-तीस माणसे बाहेर पडताना दिसतात, आणि त्यांतल्या कुणालाही आपण सुंदर दिसतो आहोत याची कल्पना नसते.

धक्क्यालगतच्या एका शेडीच्या सावलीत जाळे शिवीत बसणारे एक वृद्ध चाचा माझे गुरू झाले. पहिले दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी मान वर न करताच विचारले, "काय बगताव, मास्तर?" मी मास्तर आहे हे त्यांना कसे कळले, कोण जाणे, आमची जात लपत नाही. पर्ससीनचे जाळे म्हणजे काय, हे त्यांनी मला गुडघ्यावरच्या तुकड्यावर समजावून सांगितले. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा दिसला, की बरोबरची लहान होडी जाळ्याचे एक टोक धरून राहते, मोठी होडी थव्याला वळसा घालून येते, आणि मग तळाच्या कड्यांतून ओवलेला दोर खेचतात. आजीच्या चंचीचे तोंड नाडी ओढून मिटावे तसा जाळ्याचा तळ मिटतो. आत सापडले ते सगळे आत.

हे 'सगळे' फार होते, अशी लहान जाळी टाकणाऱ्या मच्छिमारांची जुनी तक्रार. म्हणून २०१६ साली शासनाने राज्याच्या हद्दीतल्या पर्ससीनला वर्षातले चारच महिने ठेवले; सप्टेंबर ते डिसेंबर. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणजे माझ्या मताला किंमत नाही. मात्र त्यामुळे एक गंमत झाली आहे. ३१ डिसेंबर जवळ आला की हॉटेलातला पोऱ्या विचारीत होता, "साहेब, थर्टीफर्स्टला काय बेत?" आणि धक्क्यावर तीच तारीख माणसे बोटांवर मोजीत होती, आणखी किती फेऱ्या होतील म्हणून.

मोजणाऱ्यांत एक नेपाळी मुलगा होता. विशीतला असेल. नेपाळला समुद्रकिनारा नाही, हे वाक्य मी भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. तेच वाक्य डोक्यावर मासळीची पाटी घेऊन माझ्यासमोरून ये-जा करीत होते. त्या होडीवरचे निम्म्याहून अधिक खलाशी त्याच्याच मुलखातले. तो जाजरकोटचा. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री तिकडे भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे गेली. याच्या घरची वाचली, घर मात्र बसले. आईवडिलांचा पत्र्याखालचा हा दुसरा हिवाळा होता. पगाराखेरीज त्याला पकडलेल्या मासळीवर थोडा वाटा मिळे, आणि तो वाटा म्हणजे त्याच्या हिशेबाने घराच्या भिंती. फोनवर त्याने आईला प्रथम समुद्र दाखवला तेव्हा तिने विचारले होते, याचा पलीकडचा काठ कुठे आहे? तो उत्तर देऊ शकला नव्हता. मला तो हसत हसत विचारू लागला. मी अरबस्तानचे नाव सांगितले. तिथे त्याच्या गावची पुष्कळ पोरे आहेत, म्हणाला.

होडी भरली की रिकामी, हे ती बंदरात शिरतानाच ओळखावे, ही चाचांची शिकवण. पाण्याजवळ रंगाचा पट्टा असतो. पट्टा पाण्यात बुडाला तर मासळी आहे. वर दिसला तर नाही. ओरडून विचारावे लागत नाही, आणि विचारूही नये.

चाचांची ती शेड आता नाही. पुढल्याच महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये, मत्स्यव्यवसाय खात्याने बंदराच्या जागेवरील अतिक्रमणे पाडली, तीत तीही गेली असे ऐकले. जागा सरकारी होती हे खरे. जाळे शिवणाराला सावली लागते हेही खरे.

एकतीस तारखेला संध्याकाळी मी पाचपासून धक्क्यावर होतो. वर किल्ल्यावर सूर्यास्ताला गर्दी लोटली होती. होड्या एकामागून एक येऊ लागल्या. दोन चांगल्या खोल बसलेल्या होत्या, त्यांच्याभोवती व्यापाऱ्यांचा गलका झाला. मुलाची होडी सातनंतर आली. अंधारात पट्टा दिसेना. धक्क्यावरच्या दिव्याखाली आली तेव्हा दिसला. पाण्याच्या चांगला हातभर वर.

कुणी काही बोलले नाही. बर्फ तसाच होता, तो शेजारच्या होडीला दिला. मग जाळे उतरवायला घेतले. सगळे खलाशी एका रांगेत उभे राहिले, आणि ते अगडबंब जाळे खांद्याखांद्यावरून धक्क्यावर सरकू लागले. साडेनऊपर्यंत ते सरकतच होते. मुलगा रांगेत शेवटून तिसरा होता. हात गुंतलेले असल्यामुळे त्याने मला नुसती मान हलवून ओळख दिली.

काम संपल्यावर मी त्याला विचारले, आता गावी जाणार का? नाही, म्हणाला. दोन तारखेपासून तो एका ट्रॉलरवर जाणार होता. तिला मेअखेरपर्यंत मुदत होती.