नवान्नाची पौर्णिमा

माझ्या धाकट्या भावाचे बिऱ्हाड हाँगकाँगात सत्ताविसाव्या मजल्यावर आहे. त्याच्या खिडकीतून माती म्हणून दिसत नाही. दिसतात त्या दुसऱ्यांच्या खिडक्या, आणि त्यांच्यामागे आणखी खिडक्या. अशा गावात लोक सुगीचा सण करतात असे तो फोनवर म्हणाला, तेव्हा मी साहजिकच विचारले, "अरे, पण सुगी कशाची?" तो म्हणाला, "ते इथे कुणी विचारत नाही, दादा. सणाच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी असते."

सुट्टी दुसऱ्या दिवशी का, हे पुढे कळले. सण रात्रीचा, जागरण झाल्यावर सकाळी झोपायला मिळावे एवढी माणुसकी तेथल्या सरकारने दाखवली आहे. आमच्या शाळाखात्याला कोजागरीच्या बाबतीत हे अजून सुचलेले नाही.

मी गेलो तो सणासाठी नव्हे. कोकणात आमचे वडिलोपार्जित भातशेत आहे, चार पायली बियाण्याचे. त्याला गिऱ्हाईक चालून आले होते. भावाला ते विकायचे होते, मला नव्हते. फोनवर असला विषय निघाला की कुणाचा तरी आवाज चढतो. शेवटी त्यानेच तिकीट पाठवले. मी शाळेतून आठ दिवसांची रजा काढली आणि खरेदीखताचा मसुदा पिशवीत घालून निघालो.

चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा म्हणजे हा सण. एरवी ती बहुधा आपल्या भाद्रपदातल्या पौर्णिमेला गाठते. पण आपल्यासारखाच त्यांचाही अधिक महिना असतो, आणि 2025 मध्ये तो आल्यामुळे सण पुढे सरकला. 6 ऑक्टोबरला त्यांचाही चंद्र तोच आणि आपलाही तोच: आपल्याकडे कोजागरी, आणि कोकणात नवान्न पौर्णिमा. त्या दिवशी आमच्याकडे भाताच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान आणि कुरडूचे फूल एकत्र बांधून दारावर लावतात. त्याला 'नवे बांधणे' म्हणतात. माझ्या पुतणीला लोंबी म्हणजे काय हे मला कागदावर चित्र काढून सांगावे लागले. चित्र बरे आले नाही. तिला ते केरसुणीसारखे वाटले.

संध्याकाळी शेजारच्या आजी ताट घेऊन आल्या. ताटात पपनस होते! गणपतीच्या माटवीला टांगतो तेच. उकडलेले शिंगाडे होते. आपल्या शिंगाड्याचेच भाऊबंद, पण काळे आणि म्हशीच्या शिंगांसारखे वळलेले. आणि मधोमध तो प्रसिद्ध मूनकेक. वरून नक्षीचा ठसा, आत कमळबियांचे गोड पुरण, आणि पुरणाच्या पोटात बदकाच्या अंड्याचा खारवलेला बलक. तो बलक म्हणजे पौर्णिमेचा चंद्र. गोडात खारट कालवण्याची ही कल्पना माझ्या जिभेला पटली नाही, हे सांगून टाकतो. पण त्याचे लहान लहान तुकडे करून घरातल्या प्रत्येकाला देण्याची रीत पटली. चंद्रावर त्यांनाही ससाच दिसतो. आपण चंद्राला शशांक म्हणून मोकळे झालो. त्यांचा ससा मात्र तेथे बसून औषध कुटत असतो.

मी शिक्षक आणि गावी शेती, एवढे पुतणीने आजींना त्यांच्या भाषेत सांगितले. आजींचे डोळे एकदम बदलले. त्या यून लाँगच्या. त्या भागाचा तांदूळ एके काळी नावाजलेला होता. त्यांनी विचारले, "किती दाउ-चुंग?" पुतणीला हा शब्द येईना. मग आजींनी हाताने बी फेकून दाखवले, आणि मला अर्थ पोचला. दाउ म्हणजे एक माप. तेवढे बी जितक्या जमिनीत पेरले जाईल, तितकी ती जमीन. आमच्या पायलीसारखेच! एकर-गुंठे सरकारचे. शेतकऱ्याची जमीन मोजायची ती तिच्यात किती बी पडते यावरून, हे दोन देशांतल्या माणसांना एकमेकांना न विचारता सुचले होते. मी चार बोटे दाखवली. आजींनी मान डोलावली आणि स्वतःची सहा दाखवली. आता तेथे काय आहे, असे मी विचारले. त्यांनी खिडकीबाहेर समोरच्या इमारतींकडे बोट केले आणि पपनस सोलायला घेतले.

भाऊ हे सगळे ऐकत होता. काही बोलला नाही.

रात्री आम्ही ताई हांगला गेलो. ही एके काळची हक्का लोकांची वाडी, आता शहराच्या पोटातल्या चार अरुंद गल्ल्या. 1880 मध्ये वादळानंतर येथे साथ आली. आगीचा ड्रॅगन नाचवा, असा कुणाला तरी दृष्टान्त झाला. तो नाचवला आणि साथ हटली, अशी कथा. तेव्हापासून दरवर्षी तीन रात्री तो नाचतो. साथ हटवण्यासाठी जन्मलेला हा नाच कोविडच्या साथीत मात्र बंद ठेवावा लागला.

ड्रॅगन गवताचा असतो. वाळक्या गवताच्या जुड्या दोरखंडावर बांधून 67 मीटर लांब अंग करतात आणि त्यात हजारो पेटत्या उदबत्त्या खोचतात. सुमारे तीनशे माणसे आळीपाळीने तो नाचवतात. ढोल वाजू लागले आणि गल्लीच्या तोंडाशी धुराचा लोट आला. मग त्या धुरात निखाऱ्यांची एक लांबच लांब रांग वळताना दिसली. डोळे चुरचुरत होते. माझे लक्ष मात्र गवताच्या बांधणीवर होते. भाऱ्याला मारतात तशीच गाठ. ती मारणारी पोरे दिवसा कचेऱ्यांत बसत असतील. पण गाठ बरोबर होती.

फेरी संपल्यावर विझत आलेल्या उदबत्त्या लोकांना वाटल्या. भावाला एक मिळाली. ती हातात धरून तो फुटपाथवर बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "यंदा शेत कुणी केलंय?"

"चुलतभावाने. अर्धेलीने."

"कापणी?"

"दिवाळीच्या आत."

त्याने खिशातून फोन काढला. आपल्याकडे तेव्हा साडेआठ वाजले असावेत. काकूने उचलला. मागे दुधाच्या पातेल्यावर झारा आपटल्याचा आवाज येत होता. आधी तब्येतीच्या चौकश्या झाल्या, मग पाऊस. मग भावाने विचारले, "काकू, नवं बांधलंस का गं?"

"बांधलं तर! आमच्या दाराला बांधलं, तुमच्याही बांधलं."

"आमचं घर तर बंद आहे ना?"

"असेना का बंद. कुलपाच्या कडीला बांधलंय."