महागड्या बेटावरचे साधे ताट

सिंगापुरात सूर्य घड्याळाच्या मागून चालतो. रेखांशाचा हिशेब धरला तर या बेटाची वेळ भारताच्या दीड तासच पुढे असावयास हवी. परंतु १९८२ पासून तेथील घड्याळे अडीच तास पुढे लावलेली आहेत. त्यामुळे माध्यान्ह दुपारी एकच्या सुमारास होते आणि सूर्यास्त बाराही महिने सायंकाळी सातच्या आगेमागे. बेट विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश उत्तरेस असल्याने ऋतूंमुळे पडणारा फरक अर्ध्या तासाच्या फारसा पलीकडे जात नाही. सर्वसामान्य पर्यटकाला ही माहिती निरुपयोगी वाटेल. सांगलीच्या हळदपेठेतील एका कुटुंबाला मात्र दिवाळीनंतरच्या पाच दिवसांच्या मुक्कामात तिच्यावाचून एकही दिवस आखता आला नसता. कारण सोबत एकाहत्तर वर्षांच्या आक्का होत्या.

आक्कांचे नियम थोडेच, पण पक्के. कंदमूळ वर्ज्य. पाणी गाळून उकळलेले. आणि सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे आधी जेवण आटोपलेले. नोव्हेंबरात सिंगापूरचा सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, तेव्हा सहाला ताट धुवून झालेले हवे. त्या वेळी भारतात साडेतीन वाजलेले असतात आणि पोट अजून सांगलीच्या वेळेवरच असते. भूक नसताना जेवावे लागते आणि भूक लागते तेव्हा दार मिटलेले असते. घरातील इतरांचे प्रकार निराळे. मुलाला बटाटा चालतो, कांदा-लसूण नाही. सून सासूप्रमाणेच कंद टाळते, मात्र रात्री फळ घेते. नात पुण्याच्या वसतिगृहात राहते. तिला तेथील जेवणाविषयी कोणी फार खोलात विचारत नाही. दहावीतल्या नातवाला सर्वांच्या आधी भूक लागते. एका घरात पाच ताटे असणे आता नवलाचे राहिलेले नाही.

स्वयंपाकासाठी महाराज बरोबर नेणाऱ्या सहली असतात. पण पाच जणांचा तो आकडा त्या वर्षीच्या धंद्यात बसण्यासारखा नव्हता. तेव्हा तिकिटे स्वतंत्र काढली गेली, आणि आक्कांनी पिशवीत आपली शिदोरी भरली: दुधातल्या दशम्या, बेसनाचे लाडू, तासगावचा बेदाणा, मेतकूट आणि लसूण न घातलेला भडंग.

सिंगापूर महाग आहे, हे सांगण्याची गरज नाही. जगातील शहरांच्या राहणीखर्चाची तुलना करणाऱ्या ‘इकॉनॉमिस्ट’ समूहाच्या पाहणीत २०२२ साली ते न्यूयॉर्कच्या बरोबरीने आणि २०२३ साली झुरिकच्या बरोबरीने पहिले होते. सुमारे ७३५ चौरस किलोमीटरच्या या बेटावर शेती नावापुरती. नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते. तरीही तेथील जेवण सरसकट महाग नाही. ते कोठे बसून खाल्ले जाते यावर सारे अवलंबून असते, आणि हे कळण्यास या कुटुंबाला एक पूर्ण दिवस आणि एक मोठे बिल लागले.

पहिल्या सायंकाळी नदीकाठच्या एका भारतीय उपाहारगृहात पाचही जण बसले. भाजीच्या किमतीपुढे दोन अधिक चिन्हे छापलेली होती; त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पहिले चिन्ह दहा टक्के सेवाशुल्काचे, दुसरे नऊ टक्के कराचे. आणि कर सेवाशुल्कासह होणाऱ्या रकमेवर लागतो. म्हणजे वीस डॉलरचा पदार्थ जवळजवळ चोवीस डॉलरला पडतो. पाच जणांचे एकशेवीस. डॉलरला सत्तर रुपयांच्या आसपास धरले तर एका वेळचे आठ हजारांहून अधिक. पाणीही विकतचे. आक्कांनी कोरडा फुलका आणि दही घेतले; त्याचेही पैसे लागलेच.

दुसऱ्या दिवशी आक्कांना भूक नव्हती. सकाळी नव्हती, दुपारी नव्हती, सायंकाळी पाचलाही नव्हती. प्रवासाने होते असे, म्हणून सर्वांनी सोडून दिले. रात्री खोलीत औषधाची डबी शोधताना मुलाच्या हाती दशम्यांचा डबा लागला. त्यात दशम्या जोडीजोडीने वेगळ्या कागदांत बांधलेल्या होत्या आणि प्रत्येक पुडीवर वार लिहिला होता. परतीच्या दिवसापर्यंतचे वार होते.

“आक्का, हे काय?”

“काय म्हणजे? पुरवून खायला नको का?”

“म्हणजे तू पाच दिवस एवढ्यावर काढणार होतीस?”

“तुझं बिल मी बघितलं की. मला आकडे वाचता येतात,” आक्का म्हणाल्या, आणि डबा त्याच्या हातून घेऊन त्यांनी झाकण लावले.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. व्यापाऱ्याला तोट्याचे दुःख सहन होते; पण आपल्या खर्चाच्या धाकाने आई उपाशी राहिली, ही नोंद कोणत्या खात्यात घालायची? सकाळी त्याने सहलीचा कागद बाजूला सारला आणि सर्वांना घेऊन तो सेरंगून मार्गावर गेला.

सिंगापुरातील स्वस्त जेवणाचे उत्तर तेथील ‘हॉकर सेंटरां’त आहे. एकेकाळी खाद्यपदार्थांचे विक्रेते तेथेही रस्त्यावरच बसत. सांडपाणी आणि अस्वच्छता यांचा प्रश्न मोठा झाल्यावर १९७० आणि १९८० च्या दशकांत सरकारने त्यांना नळ, गटार आणि छप्पर असलेल्या बांधीव मंडयांत गाळे दिले. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत, आणि या खाद्यसंस्कृतीची २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. गाळ्यावर सेवाशुल्क नसते. पाटीवर चार डॉलर लिहिले असतील तर चारच द्यावयाचे. टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट ठेवलेले दिसले की ती जागा कोणी धरलेली आहे असे समजावे. एसटीच्या खिडकीतून आसनावर रुमाल टाकणाऱ्या मराठी माणसाला ही रीत शिकवावी लागत नाही. जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून ठेवणे मात्र कायद्याने बंधनकारक आहे.

अडचण वेगळी आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. एकाच छपराखाली मांसाहाराचे गाळे असतात. त्यांचा वास असतो, टांगलेल्या वस्तू दिसतात. टेक्का केंद्राच्या दाराशी आक्का क्षणभर थबकल्या आणि पदर नाकाला लावून बाहेरच थांबल्या. सून आत गेली. यावर तेथे उपाय आहे: कोणताही गाळेवाला पदार्थ बांधून देतो. मलय भाषेत त्याला ‘बुंगकुस’ म्हणतात. हा शब्द आणि सोबत घरचा डबा असला की निम्मे काम होते.

सुनेने आणले ते इडियप्पम. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवयांची चकती, वर ओल्या नारळाचा चव आणि ताडगुळाची पूड. तेथे तिला ‘पुटू मायम’ म्हणतात. ना कंद, ना कांदा, ना फोडणी. मंडईबाहेरच्या बाकावर आक्कांनी आपली स्टीलची ताटली काढली, एक घास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, या तर शेवयाच. पाण्याऐवजी वाफेवर शिजवल्यात एवढंच.” त्यांनी तीन चकत्या खाल्ल्या. मुलगा दुसरीकडे बघत उभा राहिला.

त्यानंतर गोष्टी सोप्या होत गेल्या. सेरंगून मार्गावर १९४७ पासूनचे ‘कोमल विलास’ आहे; १९२४ पासून चालत आलेले ‘आनंद भवन’ही याच परिसरात आढळते. साधा डोसा, इडली, दहीभात यांवर एका वेळचे पोट भरते. सांबारात कांदा असतोच, तेव्हा ते टाळावे. दहीभातात आल्याचे तुकडे असतात का, हे आधी विचारावे. बफेलो रोडवरच्या भाजीच्या दुकानांत दुधी, पडवळ, तोंडली, कढीपत्ता, केळफूल सारे मिळते. तेथे ओल्या हळदीचा ढीग पाहून मुलगा भाव विचारल्याशिवाय पुढे गेला नाही. हळद हाही कंदच. पण वाळून पेठेत आली की आक्कांच्या स्वयंपाकघरात तिला मज्जाव नसतो. सुंठेचेही तसेच. नातवाने हा मुद्दा दरवर्षीप्रमाणे उपस्थित केला आणि दरवर्षीप्रमाणे त्याला उत्तर न देता केळे देण्यात आले.

खरे आश्चर्य मात्र वॉटरलू मार्गाजवळ होते. तेथे करुणेची देवता क्वान इम हिचे चिनी मंदिर आणि कृष्णाचे मंदिर जवळजवळ शेजारी उभे आहेत, आणि नजीकच्या ‘फॉर्च्युन सेंटर’ या जुन्या इमारतीत चिनी बौद्ध शाकाहारी जेवणाचे अनेक गाळे आहेत. चिनी बौद्ध परंपरेतील व्रतस्थ आहारात मांसाबरोबर पाच उग्र पदार्थही निषिद्ध आहेत: कांदा, लसूण आणि त्यांच्या कुळातल्या पाती, पाचवा हिंग मानला जातो. कांदा सोडलेल्या आपल्या स्वयंपाकाचा सारा भार ज्या हिंगावर, तोच तेथे वर्ज्य! चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक चिनी लोक मांस सोडतात आणि या गाळ्यांपुढे रांगा लागतात. हे कळल्यावर आक्कांनी विचारले, “आणि अष्टमी-चतुर्दशी?” ती तेथे नाही.

तथापि बौद्ध शाकाहार म्हणजे जैन आहार असे समजणे चुकीचे ठरेल. आले, गाजर, बटाटा, सुरणाच्या जातीचे कंद आणि अळिंबी त्यांना चालतात. तेथील प्रसिद्ध ‘कॅरट केक’ हा गाजराचाही नाही आणि केकही नाही. तो पांढऱ्या मुळ्याचा असतो आणि नेहमीच्या गाळ्यांवर अंड्याबरोबर परततात. सोयाबीन व गव्हाच्या सत्त्वापासून मांसासारखे दिसणारे पदार्थ करण्याची तेथे मोठी हौस आहे. काहींत अंड्याचा पांढरा भागही असतो. आक्कांनी त्या आकारांकडे पाहून मान फिरवली, आणि ते योग्यच होते. पण ‘बी हून’ म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, टोफू, चवळीच्या लांब शेंगा आणि एखादी पालेभाजी बोटाने दाखवून घेता येते, आणि तीन ते पाच डॉलरमध्ये ताट भरते. न चालणाऱ्या वस्तूंची मलय नावे कागदावर लिहून नेलेली बरी: अंडे म्हणजे ‘तेलुर’, मासा म्हणजे ‘इकान’, आणि कांदा व लसूण या दोहोंना मिळून एकच शब्द, ‘बावांग’. नकार एकदाच द्यावा लागतो. नारळाचा ‘काया’ नावाचा मुरंबा पावाला लावून सर्वत्र मिळतो. त्यात अंडे असते. ‘रोजाक’ या फळांच्या मिश्रणात कोळंबीची चटणी असते. या दोन्ही पदार्थांना साधी माणसे हमखास फसतात.

पाण्याचा प्रश्न हॉटेलच्या खोलीतील विजेच्या किटलीने सुटला. नळाचे पाणी पिण्यायोग्य असतेच. आक्कांनी ते आपल्या सुती फडक्याने गाळले, उकळले आणि बाटल्यांत भरले. त्याच किटलीच्या पाण्यात सकाळी सातूचे पीठ कालवले जाई. मेट्रोत मात्र पाण्याचा घोटही घेता येत नाही. खाण्यापिण्यास पाचशे डॉलरपर्यंत दंड आहे. डबा उघडण्यास उत्तम जागा म्हणजे वनस्पती उद्यान. प्रवेश विनामूल्य, सावली भरपूर.

स्वयंपाकघर असलेले घर काही दिवसांसाठी भाड्याने घेण्याचा सल्ला अनेक जण देतात. तेथे खासगी निवासी घर तीन महिन्यांहून कमी काळासाठी भाड्याने देणे बेकायदा आहे. परवाना असलेल्या सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये ओटा मिळतो. भाडे अधिक, पण पाच-सहा जणांत विभागल्यास ते परवडू शकते. जालान यासिन येथे जैन मंदिर आहे. दर्शनाला जावे, ओळखी कराव्यात. आगाऊ न कळविता जेवणाची अपेक्षा धरू नये. गुरुद्वारांत लंगर सर्वांना खुला असतो, पण त्यात कांदा असू शकतो. आणि ज्याच्या खिशात विमानाचे तिकीट आहे त्याने दानपेटी न पाहता उठू नये.

चौथ्या दिवशी मुलाने हिशेब मांडला. उपाहारगृहात माणशी चोवीस आणि गाळ्यावर माणशी पाच. पाच जणांमागे एका वेळेस पंचाण्णव डॉलरचा फरक. पाच दिवस दोन्ही वेळा धरल्यास साडेनऊशे, म्हणजे साठ हजार रुपयांहून अधिक. त्याने तो आकडा मुद्दाम आक्कांना वाचून दाखवला. “मग रात्रीचे प्राणी बघायला जाऊ या,” त्या म्हणाल्या. नाइट सफारी सव्वासातला उघडते. पावणेसहाला उद्यानातील बाकावर जेवून, बाटलीतले शेवटचे पाणी पिऊन त्या निघाल्या आणि दहापर्यंत चालल्या.

परतीचे विमान रात्रीचे होते. तिकिटाबरोबर जैन जेवण आगाऊ नोंदविलेले असल्याने सर्वांच्या आधी आक्कांपुढे ताट आले. बाहेर अंधार पडून तीन तास झाले होते. त्यांनी झाकण उचलून आत काय आहे ते नीट पाहिले, सुनेला दाखवले आणि ताट नातवाकडे सरकवले. मग पायाशी ठेवलेली पिशवी चाचपून पाहिली. दशम्यांच्या रिकाम्या डब्यात शेजारणींसाठी घेतलेल्या ताडगुळाच्या ढेपा होत्या.